कर्ज काढायचा तास

रविवारची दुपार. वाकडच्या खोलीत मी फोन उशीवर ठेवून पडलेय. झोपायचं नाहीये, नुसते डोळे मिटायचेत. वसुलीवाले रविवारीही सोडत नाहीत. दर वेळी नवा नंबर असतो, आणि हल्ली तर ते कुरिअरवाले होतात, शाळेतले जुने मित्र होतात. म्हणून मी कुणाच्याच आवाजावर विश्वास ठेवत नाही. फोन थरथरतो, आणि मी बँकेत उभी आहे.

काउंटरपलीकडे रघुमामा बसलेत.

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. कराडच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. माझ्या शिक्षणाच्या कर्जाला तेच जामीन राहिले. 'शरूला जामीन राहायचंय' हे ऐकून मामी कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली होती. तिला वाटलं, पोरीला पोलिसांनी धरलं. त्यानंतर घरात मामा मला कैदीच म्हणायचे.

"मॅडम, दोन मिनिटं वेळ आहे का बोलायला?" मामा विचारतात.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. मामा मला कशाला मॅडम म्हणतील? गळ्यात ओळखपत्र आहे, तेही उलटं. मला घरी काय म्हणता, मी विचारते. शरू, ते सांगतात. हे काय, कुणालाही कळेल. मामी माझ्या प्रत्येक फोटोखाली तेच लिहिते. मग ते जेवलीस का म्हणून विचारतात. ते तर वसुलीवालेही विचारतात.

मी मागे वळते तर बँक नाही, मामांचा चित्रकलेचा वर्ग आहे. माझ्यापुढे कोरा कागद.

"कर्ज काढ," मामा म्हणतात.

"काढलंय की. तुमच्याच सहीनं."

"तसं नव्हे. चित्र काढतात तसं. मला बघू दे."

मी एक चौकोनी डबा काढते, शिक्षणाच्या कर्जाचा. मामा वाकून बघतात आणि सावली कुठंय म्हणतात. मग ती काढावीच लागते. हप्ता भरायला कार्ड घासलं, त्या कार्डाचं भरायला दुसरं. याची टोपी त्याला, त्याची तिसऱ्याला. सावली कागदावरून खाली उतरते, बाकांमधून सरकत दाराकडे जाते. दाराबाहेर कराडचं अंगण आहे आणि मामी पापड वाळत घालतेय.

हे कुठं चाललंय ते मला कळतं. जामीन राहिलेला माणूस गेला की बँक त्याच्या वारसाकडे बघते. घर आता मामीच्या नावावर आहे. नोटीस निघालीय आणि तिला यातलं काहीच माहीत नाही. मला भीती वाटते, आणि मामांचा रागही येतो. मेलेला माणूस इतकं नेमकं कसं विचारतो? तुम्हाला पाठवलंय कुणी, मी विचारते.

"किती झालंय ते सांग, कैदी."

हे नाव मात्र घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही. मी सांगून टाकते. शिक्षणाचं नऊ लाख, कार्डांचं सात. नोटीस येईल, माणसं दारात येतील, शेजारीपाजारी बघतील. मामीला कुठल्या तोंडानं सांगू? मला फार लाज वाटते, मामा.

"मोठ्यानं बोल. नीट ऐकू येत नाही."

मी पुन्हा सावध होते. मामांचे कान तिखट होते, शेवटच्या बाकावरची कुजबुजही त्यांना ऐकू यायची. कमी ऐकू येतं ते मामीला.

डोळे उघडतात. फोन माझ्या गालाखाली आहे, चांगलाच तापलाय. पडद्यावर मामीचं नाव, आणि कॉल चालू आहे. दर रविवारी ती करतेच. झोपेत मीच उचलला असणार. मी श्वास रोखून ऐकते. पलीकडे कुकरची शिट्टी होते, कुणीतरी गॅस बंद करतं.

"शरू," मामी म्हणते, "कार्डांचं सात म्हणालीस का साठ? नीट सांग, मी लिहून घेतेय."