फौजीचाचांचे गाळातले धडे

आमच्या गावात सगळ्यात भित्रा माणूस कोण, तर फौजीचाचा. हिमालयातल्या चौक्यांवर बर्फात पहारा दिलेला हा माणूस स्वतःच्या अंगणातसुद्धा काठीने चाचपून पाऊल टाकायचा. पोरं हसायची, मीही हसायचे. सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या आमच्या गावात बर्फ पाहिलेले तेवढे एकटेच होते, आणि बर्फाचं वेड लागलेली मी एकटीच. गेल्या वर्षी चाचा गेले.

डोंगरातल्या बर्फावर चालायच्या शिबिरात माझी निवड झाली, तेव्हा आईने पेढे वाटले. चाचांनी पेढा हातातच धरून ठेवला आणि विचारलं, "पण तुला बरफावर चालता येतं का?" येत नव्हतं. मग त्यांनी बांबूच्या कांबी वाकवल्या, जुन्या बाजेची सुतळी विणली आणि सुपाएवढे दोन जोडे तयार केले. ते माझ्या बुटांना बांधून, उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकल्यावर उरतो त्या गाळात मला उभं केलं. गाळात पाय रुततो तसाच ताज्या बर्फातही रुततो, रुंद जोड्याने वजन पसरतं, एवढंच त्यांचं शास्त्र.

काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला एक खोड असते. पाय रुतला की चप्पल वाचवायला तो मागे ओढायचा. या जोड्यांत मागे पाऊल घेतलं की जोड्याचं मागचं टोक रुततं आणि माणूस उताणा. मी किती वेळा पडले त्याला गणती नाही. काठावर धुणं धुणाऱ्या बायकांची चांगलीच करमणूक झाली. चाचा मात्र हसले नाहीत. "काहून घाई करून राहिली? पाय फाकवून चाल. माघारी यायचं तर गोल फिरून यायचं."

त्यांचा एक साथीदार, पायाखाली बर्फ पोकळ वाजला तरी, चौकी समोर दिसते म्हणून तसाच उतारावर पुढे गेला आणि सगळा बर्फ सुटून त्याला घेऊन गेला. हे त्यांनी एकदाच सांगितलं. आपण यांना हसलो, याची मला फार लाज वाटली. निघताना ते स्टँडवर आले आणि म्हणाले, "बेटी, तू वर जाशील, त्याची मला फिकीर न्हाई. माघारी येशील का न्हाई, तेवढंच डोस्क्यात हाय."

शिबिराच्या शेवटच्या चढावर वाट काढायची पाळी माझी, म्हणून तुकडीच्या पुढे मी होते. खिंड शंभरेक पावलांवर असताना पायाखालून धप्प असा पोकळ आवाज आला. मागचे म्हणत होते, एवढं आलोय तर चल की. मी गोल फिरले आणि सगळ्यांना खाली आणलं. त्या दिवशी कुणी माझ्याशी धड बोललं नाही. तो उतार पुढे सुटला की नाही, ते मला आजही माहीत नाही.

रेंज येताच मी घराआधी चाचांना फोन लावला. वर पोचले नाही, परत फिरले, एवढं सांगितलं. मग चाचीने फोन घेतला.

"रडून राहिलेत," ती म्हणाली. "तू वर निघाल्यापासून पोटभर जेवले न्हाईत. आत्ता ताट मागितलं बघ."