तुपेंचं दळण

तुपेंचा कॉम्प्युटर बिघडला नव्हता. मी तो बिघडवला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

रंगनाथ तुपे आमच्या कॉलेजात कंत्राटी लॅब टेक्निशियन होते. रोज सकाळच्या एसटीनं फुलंब्रीहून यायचे, डबा कपाटावर ठेवायचे आणि लॅबच्या लिनक्स कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्रॅम बांधायला लावायचे. तयार प्रोग्रॅम त्यांना चालतच नसे. मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या मशीनवर बांधायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम स्वतः तयार करायचा. पडद्यावर ओळी धावू लागल्या की कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून बसत. म्हणत, "दळण चालू हाय. आयत्या पिठात काय मिसळलंय, कुणाला ठावं? जवारी आपली, चक्की आपली." शिक्षण बारावी. बाकी सगळं स्वतःच शिकलेले.

मी तिथं कॉम्प्युटर शिकवतो. एकदा स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "दादा, तुम्ही एवढं शिकवता, कधी एखादा प्रोग्रॅम सोता बांधून पाह्यला का?" सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या मनात टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्याच सुमारास ते टेलिफोनवर बसणाऱ्या निर्मलाताईंसाठी बोलका कॉम्प्युटर तयार करत होते. ताईंना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर मशीननं वाचून दाखवला की कॉलेजचा पत्रव्यवहार त्यांना सांभाळता येणार होता. प्राचार्यांनी सोमवारची मुदत दिली होती. जमलं तर तुपेंचं कंत्राट वाढणार, नाहीतर नाही. आदल्या मंगळवारी तुपे जेवायला गेले असताना मी त्या कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाच्या खात्यात दोन ओळींची एक लपलेली फाईल टाकली. तिच्यामुळे आवाज स्पीकरकडे न जाता कुठंच जात नसे, आणि पडद्यावर चूकही दिसत नसे. एका दुपारची गंमत, असं मी स्वतःला सांगितलं.

तुपेंनी आधी वायरी तपासल्या. मग आवाजाचा प्रोग्रॅम पुन्हा बांधला, मग तो ज्या कोडच्या आधारानं चालतो ती लायब्ररी, मग साउंड कार्ड चालवणारा ड्रायव्हर. दर वेळी तास-दोन तास दळण, आणि शेवटी शांतता. माझी फाईल त्यांच्या खात्यात बसलेली; कितीही नव्यानं बांधलं तरी तिला धक्का लागत नव्हता. बुधवारपासून स्टाफरूममध्ये जो तो विचारू लागला, काय तुपे, चक्कीत खडा गेला का? हे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो.

शनिवारी ते माझ्याकडे आले. डोळे लाल झालेले. "दादा, नवं खातं काढून बघू का? माझ्याच खात्यात काही घाण असंल."

बरोबर तिथंच पोचले होते. मी म्हणालो, "कालच बघितलं मी. नव्या खात्यातही आवाज नाही."

"मंग राहू द्या. तुम्ही बघितलंय म्हणल्यावर झालं." आणि ते पुन्हा ड्रायव्हर बांधायला बसले.

सोमवारी निर्मलाताई हेडफोन लावून बराच वेळ थांबल्या. मग हळूच प्राचार्यांना म्हणाल्या, "सर, काहीच ऐकू येत नाही." बारावीवाल्याकडं हे काम दिलं ही चूक कुणाची, असं प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. तुपे म्हणाले, "माझंच चुकलं, साहेब."

त्यांचं कंत्राट वाढलं नाही. त्या संध्याकाळी तुपे घरी गेल्यावर मी फाईल पुसली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बोलला. सगळ्यांना वाटलं, मी दुरुस्त केला. मी वाटू दिलं. लॅबही माझ्याकडे आली. महिनाअखेरीस तुपे आपलं सामान न्यायला आले, तेव्हा वही उघडून उभे राहिले. "काय केलं दादा तुम्ही? लिहून घेतो."

"तुमच्या डोक्यात बसायचं नाही ते," मी म्हणालो.

त्यांनी ते खरं मानलं. आता ते फुलंब्रीची जीप चालवतात. परवा हर्सूलला जायला मी नेमका त्यांच्याच जीपमध्ये बसलो. मुलीनं लॅपटॉप घेतलाय म्हणाले, पण ते त्याला हातही लावत नाहीत. "आपलं डोकं त्यातलं नाय, दादा." मी मान हलवली आणि जीपमधून उतरलो.

त्यांचं डोकं बरोबर होतं. त्या शनिवारी ते उत्तरापर्यंत पोचले होते आणि मी खोटं बोललो. एवढं त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.