पुढची दोन चाकं

आमच्या क्वार्टरच्या दारात जीप उभी असायची आणि माझी माय बाजाराला पायी जायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, सिद्धेश्वर धरणावर ड्रायव्हर होते. साहेबांना कालव्यांवरून फिरवायचं, संध्याकाळी गाडी धुऊन दारात लावायची, सकाळी उठून पुन्हा पुसायची. शेजारचे ड्रायव्हर बायकालेकरांना घेऊन औंढ्याच्या जत्रेला जाऊन यायचे, साहेबांनाही ते ठाऊक असायचं. अप्पांचं मात्र एकच पालुपद. "गाडी सरकारची हाय, आपल्या बापाची न्हाई." मला इतका राग यायचा म्हणून सांगू. एकदा मी गुपचूप पुढच्या सीटवर जाऊन बसले, तर कान धरून खाली उतरवलं होतं मला.

माय यावर कधी चकार शब्द बोलली नाही. तिला गाडीत बसायचं होतं ते एकाच दिवशी, आणि तो दिवस अप्पांनीच तिला कबूल केलेला होता.

त्याचं असं झालं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला अप्पा तिला माहेरी पोचवायला गेले. आम्ही बौद्ध. नागाला दूध वगैरे आमच्याकडे काही नव्हतं. पण पंचमीला पोरीनं माहेरी जायचं, हे काही आमच्या बायांनी सोडलं नाही. सण मानत नसलो म्हणून काय झालं, माहेर तर मानायचो. मायचं गाव फाट्यापासून दीड कोस आत आणि सगळी काळी माती. श्रावणात त्या वाटेवर पाय टाकला की पाय वर येतो, चप्पल आतच राहते. दोघं चपला हातात घेऊन चिखल तुडवत वेशीपर्यंत पोचले. तिथं चावडीवर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "तिकडून, वढ्याच्या अंगानं जा." समोर सरळ रस्ता, अंगावर नवी साडी, आणि जायचं गावाला वळसा घालून. आमच्या वस्तीच्या नवरीला गावातून मिरवत नेऊ नये, अशी तिथली रीत. कुणी भांडलं नाही. ओढ्याच्या काठाला माय घसरून पडली आणि नवी साडी चिखलानं भरली. तिला उठवता उठवता अप्पा म्हणाले, "एक डाव तुला गाडीत पुढच्या सीटवर बसवून ह्याच वेशीतून नेतो. पंचमीलाच नेतो. ह्याच चिखलातून."

माणूस रागाच्या भरात बोलतो आणि विसरून जातो. अप्पा विसरले नाहीत, तिथंच सगळं वाईट झालं.

पुढे ती जीप कंडम झाली. लिलावात बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदारानं घेतली आणि तिच्यातून सिमेंटची पोती वाहिली. अप्पा रिटायर झाले, आम्ही कळमनुरीला घर केलं, आणि एक दिवस अप्पा ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून तीच जीप अंगणात घेऊन आले. आता ती खरंच माझ्या बापाची होती. तळाचा पत्रा सडलेला, हूड फाटलेलं, रेडिएटरमध्ये कुठल्याशा पाखराचं घरटं. माय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हिला काय झालं हो, किती खंगली." जशी काही गाडी म्हणजे बाळंतपणाला आलेली लेकच.

मग अंगणाचं गॅरेज झालं. मी तेव्हा डी.एड. करून घरीच बसलेली, नोकरीची वाट बघत. अप्पा गाडीखाली आडवे आणि मी वर पाने-पकडी घेऊन. कार्बोरेटर घासलेटात भिजवायला मायचं वरणाचं पातेलं गेलं ते गेलंच. शेजारच्या बाया मला हसायच्या, ह्या पोरीला सासरी पाना घेऊन पाठवा म्हणायच्या. मी म्हणायची, पाठवा, तिथल्या सगळ्यांचे नट आवळून ठेवते. खरं सांगते, ते दिवस फार चांगले होते. अप्पांच्या तोंडून शिवी ऐकली ती तेव्हाच पहिल्यांदा, एका गंजलेल्या बोल्टाला.

हिवाळ्यात इंजिन सुरू झालं. ब्रेक लागले, दिवे लागले. अप्पांनी गाडी नांदेड रोडला नेऊन आणली आणि गल्लीतल्या सगळ्यांना चहा पाजला. मला वाटलं झालं एकदाचं. पण अप्पांच्या मते गाडी अर्धीच झाली होती.

ह्या जुन्या जीपची खुबी अशी की गियरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढची दोन चाकंही जोर लावतात. चिखलात मागची जागच्या जागी फिरत राहिली तर पुढची गाडीला ओढून काढतात. गुत्तेदारानं पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट आणि आतले गियर काढून भंगारात घातले होते. त्याचंही काही वेगळं नव्हतं, आमच्याकडे सगळेच तसं करायचे. तेल वाचतं, गाडी हलकी पळते, आणि रोज कोण चिखलात जातंय.

वारंगा फाट्यावर अप्पांच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री होता. त्यानंही हेच सांगितलं. "डायवरसाब, काहून तकलीफ घेऊन राहिले? दोन चाकांवर बराबर चालून राहिली ना गाडी. पुढचं सामान आता मिळते कुठं?"

"मला श्रावणात काळ्या मातीतून न्यायची हाय," अप्पा म्हणाले.

"मंग उन्हाळ्यात न्या ना."

अप्पा उठून चालायला लागले. मिस्त्रीनं माझ्याकडे बघून मान हलवली.

ती पंचमी आणि तिच्या पुढचीही सामान शोधण्यातच गेली. नांदेड झालं, परभणी झालं, अकोल्याचा भंगार बाजार झाला. शाफ्ट मिळाला तर त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजलेला. क्रॉस मिळाला तर गियरचे दात गेलेले. आणि तोवर मायला गाडीत बसवायचं नाही. पहिली स्वारी माहेरची. बाजारालासुद्धा नाही. आधी गाडी सरकारची म्हणून ती पायी गेली, आता गाडी घरची म्हणून पायी. डोकं फिरायचं माझं. मी एकदा तोंडावर म्हटलं, "अप्पा, तुम्हाला मायला न्यायचंय का त्या चावडीला दाखवायचंय?" ते म्हणाले, "दोन्ही." आणि परत गाडीखाली गेले.

माय मात्र दुपारची कामं आटोपली की उभ्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसायची. मांडीवर परात, परातीत मेथी नाहीतर अंबाडी. काचेतून समोर आमच्या न्हाणीची भिंत दिसायची. मी चिडवायची, "कुठवर आलीस माय?" ती म्हणायची, "आलं आता, फाटा गेला मागं." अप्पा गाडीखालून ऐकायचे.

त्याच सुमाराला तिला दम लागायला लागला. आधी आम्हाला वाटलं वय झालं. मग पाय सुजायला लागले, पायरी चढली तरी बसावं लागायचं. नांदेडच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. गोळ्यांनी ती बरी झाल्यासारखी वाटायची आणि पुन्हा पडायची. त्यामुळे दोन वर्षं आमच्यापैकी कुणी तिच्या माहेरी गेलं नाही. मामाच यायचा बघायला.

उन्हाळा लागायच्या आधी एका संध्याकाळी तिनं स्वतःहून विषय काढला. आम्ही तिघं जेवत होतो. म्हणाली, "अवं, मला कोरड्यातच न्या की. वाट आता ठणठणीत हाय."

"पंचमीला न्यायचं ठरलंय ना."

"दोन चाकाची असली तरी गाडीच हाय की ती. मी काय चाकं मोजत बसणार हाय व्हय?"

"तू थांब गं थोडी. गियर मिळून राहिले आता. अख्खा चिखल फाडत नेतो तुला."

ती हसली आणि म्हणाली, बरं. माझी माय आयुष्यभर बरंच म्हणत आली. मला आजही ते आठवलं की हातातली वस्तू भिंतीवर फेकून मारावीशी वाटते. कुणावर फेकू? अप्पांवर? त्या माणसाचं तिच्यावर जेवढं प्रेम होतं, तेवढं मी माझ्या डोळ्यांनी दुसऱ्या कुठल्या नवऱ्याचं बघितलं नाही. ह्याच प्रेमानं तिला अंगणात बसवून ठेवलं.

गियर मिळाले. वैशाखात अप्पांनी गियरपेटी उतरवली, सगळं खोलून पोत्यावर मांडलं, आणि त्याच आठवड्यात मायचा श्वास अडकला. अंगणात जीप होती आणि तिच्या पोटातलं सगळं बाहेर होतं. शेजाऱ्यानं फाट्यावरून एक भाड्याची काळी-पिवळी बोलावून आणली. मायला मागच्या बाकावर आडवं घातलं. जीपच्या बाजूनं जाताना तिनं हात लांब करून बॉनेटला लावला. तिला आधार हवा होता की आणखी काही, मला माहीत नाही. नांदेडला ती महिनाभर खाटेवर होती. मग गेली. परत आली ती दवाखान्याच्या गाडीतून.

दिवसकार्य झालं आणि अप्पा पुन्हा पोत्याशी जाऊन बसले. मला सहन होईना. मी म्हटलं, "आता कुणासाठी?" ते म्हणाले, "पंचमी येऊन राहिली." मी पाने द्यायला गेले नाही. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी ते ती जड पेटी एकटेच उचलायला बघताना दिसले आणि मी गेले. आम्ही दोघांनी गियरपेटी चढवली, शाफ्ट बसवला. नदीकाठच्या चिखलात नेऊन त्यांनी छोटा दांडा ओढला, आणि गाडी म्हैस पाण्यातून उठते तशी सावकाश वर आली. जे दोन वर्षं होत नव्हतं ते झालं. आम्हा दोघांपैकी कुणालाही त्याचा आनंद झाला नाही.

पंचमीला सकाळी आम्ही निघालो. मी मागच्या बाकावर बसले. पुढं बस असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. रात्रभर पाऊस झाला होता. रानं सगळी भरलेली, सोयाबीन गुडघ्याएवढं. फाट्यावर अप्पांनी गाडी आत वळवली आणि थांबवली.

समोर डांबरी रस्ता होता. कडेला मुरूम, मधे पाण्यानं धुऊन निघालेलं काळं डांबर, थेट गावापर्यंत. उन्हाळ्यात झाला होता तो. मामा दवाखान्यात येत होता, पण बहीण खाटेवर असताना रस्त्याची गोष्ट कोण काढणार?

अप्पा उतरले. चपलेनं डांबर घासून बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चिखल होता तो सगळा लोकांच्या रानात. परत येऊन बसले आणि त्यांनी छोटा दांडा ओढला.

पक्क्या रस्त्यावर हा दांडा ओढायचा नसतो. मला त्यांनीच शिकवलं होतं. चिखलात चाकं सरकतात म्हणून निभतं. डांबरावर पुढची आणि मागची एकमेकांशी भांडतात, टायर घासतात, गियरचे दात जातात. पहिल्याच वळणाला टायर ओरडले. स्टिअरिंग त्यांना दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

"अप्पा, गियर जाईल."

"जाऊ दे."

दीड कोस त्यांनी गाडी तशीच नेली. खालून कटकट आवाज येत होता आणि मला रडू आवरत नव्हतं.

वेस आली. चावडीच्या पारावर दोन म्हातारे बसले होते आणि काही जण पत्ते खेळत होते. त्यातल्या एकानं मान वर केली, त्याला वाटलं पॅसेंजर गाडी आहे. "औंढा का?" त्यानं विचारलं. अप्पांनी मानेनंच नाही म्हटलं. तो पुन्हा पत्त्यांकडे वळला. मग पिठाची गिरणी, हातपंप, शाळेची भिंत, आणि आमची वस्ती लागली. मामा दारात उभा होता. तो जवळ आला, काचेच्या चौकटीला धरून उभा राहिला. रिकाम्या सीटकडे त्यानं बघितलं नाही.

अप्पा खाली उतरले नाहीत. इंजिन चालूच होतं. त्यांनी मान वळवून मागं बघितलं. तिथून वेस दिसत होती, पत्ते खेळणारेही दिसत होते.

"एवढाच व्हता व्हय रस्ता?" त्यांनी मामाला विचारलं.

"एवढाच, दाजी."

अप्पांनी गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते.

"दोन चाकांवर आली असती रे ती," ते म्हणाले.