सँपलांची आवराआवर

जेवणानंतरची सुस्ती नलिनीबाईंच्या डोळ्यांवर उतरतेय. पलंगावर नीट आडवं व्हायचं तर खोकी बाजूला सारायला हवीत, पण तेवढंही त्राण नाही. त्या खोक्यांच्या कडेलाच अंग टेकतात. घरभर सेंटच्या सँपलच्या कुप्या आहेत. बुटांच्या खोक्यांत, लाडवांच्या डब्यात, इतकंच काय, फ्रीजमधल्या भाजीच्या ट्रेमध्येसुद्धा. बाईंचे यजमान वामनराव आठल्ये सेंटचे फिरते विक्रेते; जन्मभर ही सँपलं घेऊन गावोगावच्या दुकानांत फिरले आणि उरलेली प्रत्येक कुपी घरी आणून ठेवत गेले. "टाकायची नाही हं, लागेल," म्हणायचे. गेल्या पावसाळ्यात ते गेले आणि हा सगळा पसारा बाईंच्या गळ्यात पडला.

उद्या लेक येतेय, मृदुला, तान्ह्या बाळाला घेऊन. बाळाची छाती नाजूक आहे. घरात उदबत्तीसुद्धा नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून आज संध्याकाळी दर्ग्याजवळचे बागवान अत्तरवाले टेम्पो आणून सगळं उचलून नेणार आहेत. त्याआधी बाईंना एकच कुपी शोधायची आहे, जिच्यात वामनरावांचा वास असेल. दौऱ्यावरून ते परतले की दारातूनच यायचा तो. पण आठवडाभर हुंगून हुंगून नाक पार मेलंय. गुलाब काय नि रॉकेल काय, सगळं सारखंच. एवढ्या वासांत नेमका त्यांचाच सापडू नये, याचं बाईंना रडू येतं आणि रडता रडताच डोळा लागतो.

"सरक जरा," वामनराव म्हणतात.

दौऱ्यावरचा पांढरा शर्ट घालून ते पलंगाच्या कडेला बसलेत.

"बूट काढा आधी," बाई म्हणतात.

"काढले असते, पण बस सुटलीय ना."

पलंग म्हणजे एस.टी.चं बाकडं आहे. खिडकीबाहेर घरातलं कपाट मागे पळतंय, त्याच्यामागून पुन्हा तेच कपाट. बाईंना त्यात काही वावगं वाटत नाही. मांडीवरचं खोकं त्यांनी घट्ट धरलंय.

"अहो, यातली तुमची कुठली?"

"माझी? एकही नाही."

"असं कसं? तुमच्या अंगाला वास यायचा की!"

"अगं, सेंट विकणाऱ्यानं स्वतः सेंट लावून कसं चालेल? त्याचं नाक कोरं हवं. दुकानात गिऱ्हाइकांच्या मनगटाला लावायचो, बोटांना लागेल ते शर्टाला पुसायचो. सांगलीचं, कराडचं, साताऱ्याचं, सगळं एकात एक. तो वास कुपीत कसा मिळेल?"

"म्हणजे तो गेलाच म्हणायचा," त्या हळूच म्हणतात.

बाकड्याचा आता दुकानाचा काउंटर झालाय. पलीकडे वामनराव उभे आहेत. त्यांच्यामागच्या काचेच्या फडताळांत बाईंच्या स्वयंपाकघरातले पितळी डबे मांडलेत.

"आणि तू हुंगतेस तेही चुकीचं," ते म्हणतात. "एकामागून एक कुप्या नाकाला लावायच्या नसतात. नाक मेलं, की ते कोपराच्या घडीत घालायचं. तिथं नुसता माणसाचा वास असतो. तो घेतला की नाक पुन्हा जागं होतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहतात. "घरी आलात की तुम्ही माझ्या कोपरात नाक खुपसायचात."

"हो."

"मी लाड समजायचे! पोरगी बघतेय म्हणून लाजेनं अर्धी व्हायचे. आणि तुम्ही नाक साफ करत होतात?"

मेलेल्या माणसावर कुणी चिडतं का? पण बाई चांगल्याच चिडल्यात. वामनराव मिशीतल्या मिशीत हसतात.

"स्वतःचे दोन कोपर होते की मला. तरी सबंध रस्ता मेल्या नाकानंच काढून तुझ्यापर्यंत यायचो."

बाई हातातलं खोकं बाजूला ठेवतात. त्या हात काउंटरवर ठेवतात. वामनराव वाकतात. मिशी टोचते, पूर्वी टोचायची तशीच. बराच वेळ ते डोकं वर काढत नाहीत आणि बाई दुसऱ्या हातानं त्यांचे केस थोपटत राहतात.

"देऊन टाक गं सगळं," ते कोपरातूनच म्हणतात. "बाळाला घ्यायला हात मोकळे ठेव."

बेल वाजते. बाई दचकून उठतात, पदर सावरत दार उघडतात. बागवान आणि त्यांचा हमाल खोकी उचलायला लागतात. फ्रीजमधला ट्रेसुद्धा रिकामा होतो.

"एखादी ठेवून घ्यायची असेल तर बघा, वहिनी," बागवान म्हणतात. "साहेबांची आठवण म्हणून."

"नको. न्या सगळ्या."

टेम्पो गेल्यावर बाई डोळे पुसायला हात वर करतात आणि तशाच थबकतात. उजव्या कोपराच्या घडीत कातडी लाल झालीय, खरखरीत काही घासल्यासारखी. तिथं तेलकट ओल आहे. बाई नाक खाली नेतात. सांगली, कराड, सातारा, आणि उन्हातला घामेजलेला शर्ट.

उद्या बाळाचं डोकं याच घडीत विसावणार. पहाटे उठल्या उठल्या हात साबणानं स्वच्छ धुवायचा, हे त्या मनाशी पक्कं करतात. मग कोपर मिटून, दिवा न लावता, रिकाम्या पलंगावर बसून राहतात.