सव्वादोनचं दुखणं

११ मार्च १९५६, रविवार, जळगाव. उजवीकडची वरची शेवटची दाढ काढण्याचे सहा रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि दातांचे डॉक्टर. दाढ किडलेली नव्हती. डॉक्टरांनी ती चिमट्यात धरून खिडकीपाशी उजेडात फिरवून पाहिली आणि मुळाशीच काहीतरी असणार, असं म्हणाले. मी मान हलवली. त्याआधी पाच आठवडे रोज दुपारी माझ्या उजव्या डोळ्यामागे तापलेली सळई फिरवल्यासारखं दुखत होतं. ज्याला कारण सापडलं होतं त्याच्याशी वाद घालायची माझी इच्छा नव्हती.

पाचव्या दिवशी दुखणं थांबलं. मी भेटेल त्याला सांगत सुटलो की अर्धशिशीचं मूळ दाढेत असतं. आमच्या दुकानातल्या तोलाऱ्याने माझं ऐकून स्वतःची दाढ काढून घेतली. त्याचं डोकं आधीही फारसं दुखत नव्हतं.

आदल्या वर्षी हेच दुखणं चष्म्याने थांबलं होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी सूर्य उगवायच्या आत दुधात भिजवलेली जिलेबी खाल्ल्याने. थंडी कमी होऊ लागली की ते यायचं, पाच-सहा आठवडे राहायचं आणि जायचं. जाताना जो उपाय चालू असेल त्याला यश मिळायचं. आकडेमोड हाच माझा धंदा, पण एवढी साधी बेरीज मला तेव्हा जमली नाही.

१९५७ साली ते पुन्हा आलं. दाढ तर आता जागेवर नव्हती.

मी तेव्हा जळगावात एका मारवाडी शेठजींच्या कापसाच्या आडतीवर मुनीम होतो. तिजोरीच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत. जेवून गादीवर जरा डोळा लागला की सव्वादोनच्या सुमारास मला जाग यायची ती दुखण्यानेच. उजव्या डोळ्यातून पाणी, त्याच बाजूच्या नाकातून पाणी, पापणी खाली उतरलेली. बसवत नसे. मी मागच्या दाराने निघून कापसाच्या गाठींच्या वखारीमागे जायचो आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचो. कधी भिंतीवर डोकं आपटायचो. तासाभराने सगळं ओसरायचं. तोंड धुऊन गादीवर येऊन बसायचो तेव्हा एक डोळा लालभडक असायचा.

दारूबंदीचे दिवस होते. रोज दुपारी मागच्या दाराने जाणारा आणि लाल डोळा घेऊन परत येणारा माणूस लोकांना काय वाटणार. दाढ गमावलेल्या तोलाऱ्याने सगळ्यांदेखत मला सल्ला दिला, "मुनीमजी, परमिट काढून घ्या. मग पुढच्या दाराने जाता येईल." हमालही हसले. शेठजी हसले नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी हात पुढे केला आणि किल्ल्या माझ्याकडून घेतल्या.

"डॉक्टरची चिठ्ठी आणा," ते म्हणाले, "मी काही बोलत नाही. पण चिठ्ठी आणा."

किल्ल्या नसलेल्या मुनिमाला फार दिवस कोणी ठेवत नाही, हे मला माहीत होतं. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या. जळगावात दारुड्या म्हणून नाव झालं असतं तर त्यांच्यासाठी कोणी विचारायलाही आलं नसतं.

पण चिठ्ठी मिळेना. दवाखाने सकाळी आणि संध्याकाळी उघडे; माझं दुखणं दुपारचं. सकाळी दहा वाजता डॉक्टरांसमोर बसलेला माणूस धडधाकट असायचा. काय होतंय, असं विचारलं की मी सांगायचो, अर्धशिशी आहे. तो शब्द ऐकला की डॉक्टर पुढचं विचारत नसत. पुडी बांधून देत आणि अंधारात पडून राहा म्हणत. पडून राहता आलं असतं तर मी त्यांच्याकडे गेलोच नसतो.

धुळ्याला माझी मेहुणी राहायची. तिच्या ओळखीचे एक वयस्कर डॉक्टर होते. शेठजींकडून दोन दिवसांची सुटी घेतली आणि आम्ही नवराबायको सकाळच्या एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. दवाखाना बंद व्हायच्या वेळी मी डॉक्टरांना एकच विनंती केली: मला आत्ता तपासू नका, सव्वादोन वाजता पाहा. ते वैतागले. जेवायची वेळ होती. पण, व्हरांड्यात बसा, म्हणाले.

सव्वादोन झाले, काही झालं नाही. अडीच झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दुखण्याची वाट पाहिली. ते आज आलंच नाही तर चिठ्ठी कशावर लिहून मागायची, या विचाराने मी बाकावर ऊठबस करत होतो. एसटी गाठायला पहाटे उठल्याने असेल, बाकावरच मला डुलकी लागली, आणि मग ते आलं.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले तेव्हा मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. त्यांनी मला थांबवलं नाही. दारातच उभं राहून पाहत राहिले. मग खांबाशी बसलेल्या माझ्या बायकोला विचारलं, हे नेहमी असंच करतात का?

ती जळगावजवळच्या असोद्याची. परक्यांसमोर सहसा बोलत नाही. पण तेव्हा बोलली. "त्याईले पडवतच नाही, डाक्तरसाहेब. माह्या मायले अर्धशिशी होती. ती अंधारात गपचीप पडून राहे. हे कुठं पडतात?"

ओसरल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. पापणी उचलून पाहिली, किती दिवस राहतं, कोणत्या महिन्यात येतं, झोपेतून येतं का, असं बारीक विचारलं. कपाटातून एक जाड पुस्तक काढून एक पान वाचलं. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. "मराठीत याला नाव नाही," ते म्हणाले. "पण अर्धशिशी म्हणू नका. तुम्ही नाव सांगता आणि डॉक्टर तुमचं ऐकतात." चिठ्ठीत त्यांनी मराठीत लिहिलं की डोळा लाल होणं आणि फेऱ्या मारणं हा आजाराचाच भाग आहे, व्यसनाचा नाही. गोळ्या लिहून दिल्या: रोज एक वाजता एक, म्हणजे दुखण्याच्या आधी. बोटं बधिर झाली तर लगेच बंद.

जळगावच्या औषधवाल्याने ती चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वहिनींचं बाळंतपण कधी झालं?" या औषधाचा त्यांना ठाऊक असलेला उपयोग बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचा होता. मी म्हटलं, बाळंतपण माझंच आहे. ते हसले, पण गोळ्या देण्याआधी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

शेठजींनी डॉक्टरांची चिठ्ठी मला मोठ्याने वाचायला लावली, दुकानातल्या सगळ्यांसमोर. व्यसन हा शब्द आल्यावर तोलारी आपल्या काट्याकडे वळला. शेठजींनी कनवटीच्या किल्ल्या काढून गादीवर माझ्या बाजूला ठेवल्या. 

गोळ्यांनी पहिल्या तीन दिवसांत फरक पडला. दहाव्या दिवशी दुखणं गेलं. गोळीने की त्याची मुदत भरली म्हणून, ते मी सांगू शकत नाही, आणि त्या वेळी कोणाला सांगितलंही नाही. पुढच्या वर्षी ते आलंच. मी अर्धशिशीचं नाव न घेता गोळ्या आणल्या.

१९५७ चा हिशेब: धुळ्याच्या डॉक्टरांना दहा रुपये देत होतो. त्यांनी पाच घेतले, पाच परत केले. आज फक्त पाहिलं, असं म्हणाले. औषधवाल्याला साडेचार रुपये. शेठजींनी महिनाअखेरीला दोन दिवसांचा पगार कापला, तो मी मोजून पाहिला. बरोबर होता.