काकाजींचा विस्तव

अमरावतीत आमच्या अंगणात दोनशे लिटरचा एक लोखंडी ड्रम आडवा ठेवलेला आहे. खाद्यतेलाचा, भंगारातून आणलेला. वेल्डिंगवाल्याकडून तो लांबीत कापून घेतला, झाकणाला बिजागऱ्या लावल्या, आत जाळी बसवली, एका टोकाला धुराडं म्हणून पाइपचा तुकडा आणि खाली अँगलचे चार पाय. मोबाईलवर पाहून वाटलं होतं, यात काय एवढं! मंद धुरावर सहा तास कोंबडी शिजवायची. पहिल्या रविवारी ती बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची निघाली. दुसऱ्या रविवारी विस्तवच विझला. तिसऱ्या रविवारी ती इतकी कडू झाली की गल्लीतल्या कुत्र्यानेही तोंड फिरवलं. मी ड्रमला लाथ घातली आणि स्वतःचाच अंगठा सुजवून घेतला.

"तुमच्यानं नाई होत," बायको म्हणाली. "विस्तवाचं काकाजीले इचारा."

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. बाळापूरजवळच्या आमच्या गावात कोणीही गेलं की सरण रचायला त्यांनाच बोलावतात. त्यांनी रचलेलं सरण भर पावसातही विझत नाही, अशी ख्याती आहे. आणि म्हणूनच घरात कोणी आजारी असलं की काकाजी दारावरून जाताना दिसताच लोक कवाड लोटून घेतात.

माझे वडील गेले ते मात्र इथे, अमरावतीत, मे महिन्यात. मी पहिल्यापासून घिसाडघाईचा माणूस. काकाजी एस.टी.त बसलेले होते, आणि त्यांची वाट न पाहता मी वडिलांना गॅसच्या दाहिनीत नेलं. काकाजी पोचले तेव्हा घरात आमच्या आंघोळी चालल्या होत्या. गावातल्या सगळ्यांना त्यांनी पोचवलं, सख्खा भाऊ तेवढा राहिला. त्यानंतर चार वर्षं ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मला ते आतून खात होतं, पण फोन करायची हिंमत नव्हती.

फोन शेवटी बायकोनेच केला. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी दहा वाजता ते फाटकात उभे होते.

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ड्रमवर बोटाने टकटक केली, कान लावून ऐकलं, मग वितीने त्याची लांबी मोजली. "हवा कोनीकडून येते?" त्यांनी बायकोला विचारलं. मी भरलेली लाकडं त्यांनी बाहेर काढली. शेंदूरजनाघाटच्या एका वाळलेल्या बागेतून मी संत्र्याचं लाकूड आणलं होतं, ते त्यांनी जमिनीवर पसरलं आणि एकेक तुकडा तळहातावर तोलून पाहू लागले. जाड खाली, बारीक वर, मध्ये चार बोटांची फट.

"लाकडाले श्वास घेऊ द्या लागते," ते म्हणाले, पण ते ड्रमकडे पाहून.

चार मुठी लाकडासाठी त्यांनी तासभर घेतला. ऊन वर चढलं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळं रचून झाल्यावर त्यांनी एक ढलपी पेटवली, आणि ती हातात धरून, आत टाकण्याआधी, ड्रमभोवती एक फेरी मारली. बायको आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ढलपी आत गेल्यावर मी कोंबडी जाळीवर ठेवून झाकण लावलं.

मग काकाजी ड्रमसमोर बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. धुराड्यातून निळसर, बारीक धूर निघत होता. झाडाची पानं हलत होती, पण धूर सरळ वर जात होता. चारच्या सुमाराला, मान न वळवता, ते म्हणाले, "तुह्या बापाले किती वेळ लागला?"

चार वर्षांतला त्यांचा पहिला शब्द तो.

"पाऊण तास," मी म्हणालो.

"पाऊन तास," ते म्हणाले. "साडेपाच फुटाचा मानूस."

आतली लाकडं त्यांनी कोणासाठी रचली होती, ते मला तेव्हा कळलं. मला उठून जावंसं वाटलं, पण मी तिथेच बसून राहिलो. मला भीती वाटत होती आणि लाजही.

कोंबडी सुरेख झाली होती. काकाजींनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नळावर आंघोळ केली, कडुलिंबाचा पाला चावला आणि मगच घरात आले. मी एक घास घेतला आणि ताट सारलं.

ते गावी परत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ड्रमचं झाकण उघडं, आणि काकाजी गार राखेवर दूध शिंपडून ती पांढऱ्या फडक्यात गोळा करत होते.

"काकाजी, त्यात तर..."

"मले मालूम हाय त्यात कोन नाई ते," ते म्हणाले. "पन लाकूड म्या रचलं होतं."

मोटरसायकलवर मी त्यांना कौंडण्यपूरला नेलं. वर्धा नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी ती राख सोडली. मला रडू आवरेना. "काकाजी, चुकलं माह्यं," मी म्हणालो.

त्यांनी ओले हात धोतराला पुसले आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"माह्यं सरन तू रचजो," ते म्हणाले. "रविवारपासून शिकवतो तुले. अन् घाई करशील तं उठून बसीन."

ते हसले नाहीत. मी हो म्हटलं.