डाग काढण्याचा पर्याय

आमच्या मंडळाने जुनं मासिक डिजिटल करायचं ठरवलं, तेव्हा पहिली समिती नेमली गेली ती उद्घाटनासाठी. बटण कोणी दाबायचं, शाल कोणत्या रंगाची, हार किती, हे तासाभरात ठरलं. बटण दाबल्यावर पडद्यावर जे दिसायचं ते कोण तयार करणार, हा विषय चहाच्या वेळी निघाला. मी निवृत्त शिक्षिका, घरी संगणक. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

मासिक बाजव्याच्या क्वार्टर्समधलं. वडील रिफायनरीत होते, आजूबाजूची बरीच मराठी घरंही तिथलीच. महिन्याचा मजकूर टाइप होई, कार्बन लावून चार प्रती निघत आणि त्या घरोघर फिरत. एका घराला दोन दिवस. अंकाच्या शेवटी संपादक एक पान कोरं सोडत, वाचकांच्या शेऱ्यांसाठी. लेख पुरुषांचे असत. शेरे बहुतेक बायकांचे आणि पेन्सिलीने, कारण घरातलं पेन नवऱ्याच्या खिशातून कामावर गेलेलं असे. पान भरलं की शेरे आतल्या समासांत सरकत आणि तिथेही जागा संपली की टाइप केलेल्या ओळींवरून चालत जात.

माझ्या आईने कधी लेख लिहिला नाही. पत्रंसुद्धा वडीलच लिहीत. तिचं अक्षर उरलंय ते या अंकांतच. एका ठिकाणी तिने लिहिलंय, ‘अग्रलेख वाचायला घेतला तेव्हा कुकर लावला होता. भात झाला, जेवणं झाली, अग्रलेख अजून प्रस्तावनेतच आहे.’

चार प्रतींपैकी आता एकच संच शिल्लक आहे, तोही कसरीने खाल्लेला. पान उलटलं की कोपरा हातात येतो.

स्कॅनर देताना दुकानदार गुजरातीत म्हणाला होता, “बेन, बधुं आपमेळे थई जशे.” आपोआप सगळं होईल असं सांगणाऱ्या त्या माणसाकडे मला नंतर तीनदा जावं लागलं. अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर बसलं, पण ते इंग्रजी गृहीत धरून बसलं होतं. पहिल्या पानातून नुसते कंस, टक्क्यांची चिन्हं आणि उलटे-सुलटे स्वल्पविराम निघाले. मराठी भाषा वेगळी उतरवून घ्यावी लागते, हे तरसालीतल्या आमच्या घरात कळायला दोन दिवस गेले. मग मात्र जमलं. पिवळट, पुसट कार्बनचं पान आत जाई आणि बाहेर पांढरंशुभ्र, काळ्या ठळक अक्षरांचं पान येई. शब्द शोधला तर सापडे. मी खूश होते. चाळीसेक पानं तशीच केली.

मुद्रितं तपासायला नवऱ्याला बसवलं होतं. तो नाश्ता करता करता पडद्यावरची पानं खाली सरकवत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, “आई कुठे गेल्या?”

एकही शेरा नव्हता. समास स्वच्छ होते. शेवटची पानं तर अगदी कोरी. सेटिंगमध्ये डाग काढण्याचा एक पर्याय होता, त्यावर आधीपासूनच बरोबरची खूण होती. यंत्राने पेन्सिलीला मळ समजून पुसून टाकलं होतं आणि मी त्या स्वच्छतेचं कौतुक करत बसले होते.

खूण काढली आणि ती चाळीस पानं पुन्हा काचेवर ठेवली. एकाचा कोपरा तुटला, त्यावरचे दोन शब्द गेले. ते माझ्या खात्यावर. आता शेरे दिसत होते, पण त्यांच्या रेघा टाइपवरून गेल्या की सॉफ्टवेअर गडबडून काहीही वाचायचं. शेवटी प्रत्येक पान जसंच्या तसं करड्या रंगात जपलं, संगणकातच त्याची स्वच्छ नक्कल करून ती सॉफ्टवेअरकडून वाचून घेतली आणि तो मजकूर मूळ चित्रामागे जोडला. हस्ताक्षर काही त्याला वाचता येईना. शेरे मी हाताने टाइप केले, सगळे, फक्त आईचे नाहीत; ते तिच्याच अक्षरात राहू दिले. त्यात पूर्ण उन्हाळा गेला.

अध्यक्ष पेन ड्राइव्ह घ्यायला घरी आले. ते संपादकांचे चिरंजीव. पहिलाच अग्रलेख त्यांनी प्रेमाने उघडला आणि नेमका कुकर समोर आला. चष्मा काढून पुसून पुन्हा लावला तरी कुकर तिथेच.

“ताई, हे काढता येतं म्हणे. एक बटण असतं.”

“असतं. मी ते बंद केलंय.”

मग त्यांनी पाहुण्यांच्या मानाबद्दल सांगितलं, मंडळाच्या परंपरेबद्दल सांगितलं. घरगुती थट्टा अशी चारचौघांत बरी दिसत नाही, असंही सांगितलं. मी चहा पुढे केला. परंपरा हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा मी शेवटचं पान उघडलं.

“हे पान तुमच्या वडिलांनी कोरं सोडलंय. दर महिन्याला, त्यांच्या हाताने. आईच्या शेऱ्यानंतरच्या अंकातही सोडलंय. त्यावरचं मी पुसायचं कोणाच्या परवानगीने?”

ते म्हणाले, समितीपुढे ठेवावं लागेल. हवं तर बाहेरून साफ करून घेता येईल. मी म्हटलं, अंक मंडळाचे आहेत, सगळे त्या पिशवीत बांधून ठेवलेत, घेऊन जा. फाइल मात्र द्यायची ती अशीच. आणि सकाळीच ती मी क्वार्टर्समधल्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकली आहे.

चहा अर्धा ठेवून ते उठले. पिशवी घेतली. दारात जरा घुटमळून पेन ड्राइव्हही घेतला.

समारंभ झाला. बटण दाबलं गेलं, पडद्यावर फक्त मुखपृष्ठ आलं आणि टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत फोन बघत होते. ग्रुपवर क्वार्टर्समधल्या एका काकूंचा निरोप होता. त्या नव्वदीच्या पुढे आहेत आणि सुनेकडून टाइप करून घेतात. लिहिलं होतं, ‘पंधराव्या पानावरचा पेन्सिलीचा शेरा माझा आहे. मत बदललेलं नाही.’

घरी आल्यावर फाइल उघडली, तो निरोप पंधराव्या पानाच्या समासात जोडला आणि शेवटी एक कोरं पान वाढवलं.